गॅरेजमध्ये शहाणी, बर्फात वेडी

आज परत तेच, मी टर्बो किट लावलेल्या माझ्या स्नोमोबाइलचं. चढ लागला, थ्रॉटल पूर्ण दाबला, बूस्ट (टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा दाब) 5, 6, 7 असा छान चढत गेला आणि 8 पीएसआयच्या तोंडाशी गाडीने मान टाकली. घुर्रर्र, मग पिवळा दिवा, मग लिंप मोड, म्हणजे जीव वाचवायला इंजिन ताकदच आवरून घेतं. मागची बाजू भुसभुशीत बर्फात जी बसली ती सीटपर्यंत बसली. मग काढा फावडं. टर्बो किटबरोबर एवढं काय काय देतात, फावडं का देत नाहीत कोण जाणे.

मी खणत असताना बाजूने एक जुनाट टू-स्ट्रोक स्नोमोबाइल गेली. टर्बो नाही, इंटरकूलर नाही, आरसासुद्धा धड नाही. आरामात वर गेली. वरून त्याने मला हात केला. प्रेमानेच केला असेल, पण मला तो लागला.

आणि हीच गाडी गॅरेजमध्ये आणा, बर्फ वितळू द्या, मग बघा तिचे लाड. आयडल गुळगुळीत. फ्युएल प्रेशर रेग्युलेटरला, म्हणजे बूस्टबरोबर पेट्रोलचा दाब वाढवणाऱ्या भागाला, हातपंप लावून 8 पीएसआय द्या, इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या रेलचं प्रेशर बरोबर 8 ने वर. एकास एक, पुस्तकात लिहिल्यासारखं. गळती शोधायला इंटेकमध्ये (इंजिनाच्या हवेच्या वाटेत) धूर सोडा, एका सांध्यातून बाहेर येईल तर शपथ. लॅपटॉप लावा, सगळे सेन्सर हिरवे. कोणी म्हणेल मालकच खोटं बोलतोय.

ईसीयूची, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरची, फाइल बनवणारा ट्यूनर तर म्हणतोच. त्याचं एकच पालुपद, लॉग (सेन्सरांची नोंद) पाठवा. पाठवला. बूस्ट वाढतोय तसा हवा-पेट्रोल प्रमाणाचा गेज साडेअकरावरून 14 च्या पुढे जातोय, इंजिनातली ठोक ओळखणारा डेट सेन्सर किंचाळतोय, ईसीयू ठिणगीचं टायमिंग मागे खेचतोय, हे लॉगमध्ये आंधळ्यालाही दिसेल. यावर उत्तर काय, तर 'लीन होतेय', म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. अरे हो! लीन होतेय म्हणूनच तर तुला लॉग पाठवला ना बाबा! का होतेय ते सांग. टू-स्ट्रोकला बूस्टमध्ये लीन होऊ देणं म्हणजे पिस्टनला भोक, त्याला काही सेकंद पुरतात, हे मलाही कळतं. मग आलं 'प्लग बघितले का'. बघितले. गॅपही कमी केली. 'पेट्रोल बदला.' बदललं. 'मॅप सेन्सर मूळचा तर नाही ना? तो बूस्ट वाचत नाही.' नाही रे, इंटेकचा दाब मोजणारा तो सेन्सर 3 बारचा आहे, तूच घ्यायला लावलास. उबदार खोलीत बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि प्रत्येक नव्या फाइलचे पैसे वेगळे.

किटवाला म्हणतो मॅप, म्हणजे ट्यूनरची फाइल, चुकीचा. ट्यूनर म्हणतो किट चुकीचं. इंजेक्टरवाला म्हणतो पंप कमी पडतोय. पंपवाला फोनच उचलत नाही, त्यातल्या त्यात प्रामाणिक माणूस तोच.

तर आज डोकं इतकं फिरलं होतं की गाडी आत न नेता तिथेच उघडली. हातमोजे काढून, बोटं बधिर होईपर्यंत. रेग्युलेटरवरून इंटेककडून येणारी ती बारकी काळी रेफरन्स होज (नळी) उपसली आणि तोंडाने फुंकली. हवा जाईना. पुन्हा फुंकली, गाल दुखले, जाईना. मग होज मुठीत धरली, थोडा वेळ नुसता श्वास सोडत बसलो तिच्यावर, आणि परत फुंकल्यावर आतून मुगाच्या दाण्याएवढा बर्फाचा खडा टपकन हातावर पडला.

एवढासा. याच्यापायी रेग्युलेटरला बूस्ट कळत नव्हता. इंटेकमध्ये प्रेशर वाढतंय, रेलमध्ये नाही, इंजेक्टरमधून पेट्रोल कमी जातंय, आणि मी इकडे प्लग बदलतोय! इंटेकमधली दमट हवा त्या बंद टोकाच्या होजमध्ये शिरते, थंडीने तिचं पाणी होतं, होजला जिथे पोट सुटलंय तिथे ते साचतं, गोठतं. गॅरेजमध्ये वितळतं. म्हणजे जिथे तपासायचं तिथे दुखणंच नसतं. हे मला एकानेही सांगितलं नाही, आणि ही मंडळी किट विकतात ती बर्फात चालणाऱ्या गाडीसाठी!

होजला पोट का सुटलं, तर किटमध्ये ती लांब दिलीय म्हणून. आणि कुठून न्यायची, तर पत्रकात लिहिलंय, 'सोयीप्रमाणे'. ते पत्रक एकदा बघाच. प्रत्येक बोल्टचा टॉर्क दोन एककांत दिलाय. डब्यावरचं स्टिकर कुठे चिकटवायचं त्याला अर्धं पान दिलंय, वर 'पृष्ठभाग आधी पुसून घ्यावा' अशी प्रेमळ सूचना. आणि ज्या होजवर अख्ख्या इंजिनाचा जीव टांगलेला आहे तिचा फोटो म्हणजे काळ्या इंजिनबेवर काळी होज, झेरॉक्सची झेरॉक्स काढलेली, त्यावर एक बाण. बाणाचं टोक नेमकं पानाच्या घडीत. मी ते पान उजेडासमोर धरलंय, फोनने फोटो काढून मोठं केलंय. बाण रेडिएटरच्या झाकणाकडे आहे असं माझं मत, मित्राचं मत हेडलाइटकडे.

विषय निघालाच आहे तर क्लॅम्पचं पण ऐका. टर्बोतून इंटरकूलरकडे जाणाऱ्या नळीचा क्लॅम्प असा बसवलाय की त्याचा स्क्रू फ्रेमच्या नळीकडे तोंड करून. तो सैल करायला मनगटाला आणखी एक सांधा लागतो. आणि साइड पॅनेलचे ते प्लास्टिकचे कान! थंडीत बोट लावलं की कट्. बर्फाच्या गाडीचं प्लास्टिक थंडीत तुटतं, वा रे वा. मग टर्बोचं ऑइल सील गेलंय का ते ओळखायचं कसं? धुरावरून, म्हणे. टू-स्ट्रोक आहे हो ती. ती जन्मापासून धूरच ओकतेय, त्यातला सीलचा कुठला आणि तिचा स्वतःचा कुठला? आणि वीस मिनिटांचे ते व्हिडिओ, ज्यात पंधरा मिनिटं माणूस आपलं गॅरेज दाखवतो आणि हवा तो स्क्रू त्याच्या पंजाआड फिरतो.

कशासाठी केला हा उपद्व्याप? तर 3,000 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम 70 टक्के उरतो, मूळ इंजिन तिथे धापा टाकतं, टर्बो ते भरून काढतो. हे गणित मी घरी सगळ्यांना कागदावर काढून दाखवलं होतं. आलेखासकट. कोणी विचारलं नव्हतं. तेव्हा माझ्या तोंडी 'बोल्ट-ऑन आहे, नुसते बोल्ट आवळायचे, दुपारपर्यंत होईल' हे वाक्य होतं, आणि ते घरात आता म्हणीसारखं वापरतात. नळ दुरुस्त व्हायला उशीर झाला की म्हणतात, बोल्ट-ऑन असेल. स्की-डू या ब्रँडने 2021 च्या मॉडेलपासून 850 ई-टेक स्नोमोबाइल कारखान्यातूनच टर्बो लावून विकायला काढली, तीही कोणीतरी सुचवली होती. पण तयार घेतली तर त्यात आपली हौस कुठे आली? हौसेला मोल नसतं म्हणतात. पावत्या बघून जा.

चीड कशाची येते सांगू? 1918 साली अमेरिकन इंजिनिअर सॅनफर्ड मॉसने विमानाचं लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून पाइक्स पीक या डोंगरावर नेलं, 4,300 मीटरवर. टर्बो लावून चालवलं आणि विरळ हवेत गेलेली ताकद परत मिळवून दाखवली. ना लॅपटॉप, ना लॉग, ना 'नवी फाइल टाकून बघा'. आणि शंभरावर वर्षांनी माझ्याकडे टचस्क्रीन आहे, ज्यावर त्या गोठलेल्या होजसाठी कोडच नाही.

असो. ती होज कापून आखूड केली, जास्त आतल्या व्यासाची घेतली, इंटेकपासून रेग्युलेटरपर्यंत सतत चढती नेली, पोट कुठेच नाही. पाणी आलं तर उलटं इंटेकमध्ये पडेल. क्लॅम्प हाताला येईल असा फिरवला. संध्याकाळी त्याच चढावर गेलो. 8 पीएसआय, गेज साडेअकरावर घट्ट, दिवा नाही, लिंप नाही. काय उचलली हो गाडी! मी हेल्मेटच्या आत ओरडलो.

आणि अर्ध्या चढावर आरपीएम 8,000 ला थांबायचं सोडून थेट लिमिटरला. अर्थातच. इतके दिवस ताकद कमी होती म्हणून आरपीएम आवरणारी क्लचची वजनं बरोबर वाटत होती. आता खरी ताकद आली, तर वजनं हलकी पडली. म्हणजे आता नवी वजनं, कदाचित क्लचची स्प्रिंग, कदाचित त्यातलाच हेलिक्स, आणि तोपर्यंत बेल्टांचा बळी. किती ग्रॅमची घ्यायची हे ट्यूनरला विचारलं. म्हणाला, लॉग पाठवा.