एसीपी प्रद्युम्नचं राहू द्या, ते चोवीस तासांचं कोणी सांगितलं?

‘सीआयडी’ मालिकेच्या एका भागावरचा फॉरवर्ड एप्रिल २०२५ पासून फिरतोय आणि काही केल्या थांबत नाही. आता तो आमच्या आत्यापर्यंत पोचला आणि तिने ‘सगळ्या मुलींनी वाचा गं’ म्हणत घरच्या ग्रुपवर टाकला. दोन तासांत सतरा अंगठे. म्हणून हे लिहितोय.

ज्यांच्यापर्यंत तो आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. बॉम्बस्फोटात एसीपी प्रद्युम्न मरतात त्या भागाचं भरभरून कौतुक आणि खाली पाच ‘सत्यं’. प्रद्युम्नचं काम करणारे शिवाजी साटम गेले. तो भाग एकही कट न घेता चित्रित झाला. माणूस हरवला तर चोवीस तास झाल्याशिवाय तक्रार घेतच नाहीत. मालिकेतल्या इन्स्पेक्टर दयासारखी एक कानाखाली बसली की गुन्हेगार कबूल होतो आणि केस संपते. आणि मुंबईतल्या खुनांचा तपास सीआयडीच करते. शेवटी ‘ही मालिका नाही, शाळा आहे’.

पहिलं सत्य. अहो, गेलं ते पात्र! त्याच आठवड्यात साटम पत्रकारांशी बोलत होते, आपण सुट्टी घेतलीय म्हणून सांगत होते. दरम्यान पार्थ समथान एसीपी आयुष्मान म्हणून आला, आणि काही आठवड्यांत प्रद्युम्नही परतले. पण इथे दोष एकट्या प्रेक्षकांना देता येत नाही. चॅनेलनेच पात्राच्या फोटोखाली १९९८ ते २०२५ अशी सालं टाकून रीतसर श्रद्धांजली वाहिली होती. त्यात याच मालिकेत फ्रेडरिक्सचं काम करणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये खरोखरच गेले होते. तेव्हा आत्याचे डोळे पाणावले, ते मी समजू शकतो.

दुसरं तर सरळ घोटाळा आहे. एका टेकमधला, १११ मिनिटांचा तो भाग नोव्हेंबर २००४ मधला. त्याचा विक्रम झाला तो तेव्हा. तेव्हाची करामत उचलून या भागाला चिकटवलीय, बाकी काही नाही.

आता तिसरं. खरं तर एवढ्यासाठीच लिहायला बसलो. भाग आवडला, रडू आलं, दिग्दर्शन भारी वाटलं, खुशाल म्हणा. पण त्या कौतुकाच्या आडून ‘चोवीस तास थांबा’ हा सल्ला घराघरांत जातोय, आणि त्यापायी एखाद्याचा जीव जाऊ शकतो.

असा नियम नाही. कुठल्याही कायद्यात नाही. माणूस हरवल्याचं लक्षात आलं की त्याच क्षणी पोलीस ठाण्यात ‘मिसिंग’ दाखल करता येते. हरवलेली व्यक्ती अठराच्या आतली असेल तर नुसत्या मिसिंगवर भागतच नाही. ‘बचपन बचाओ आंदोलन’ या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी स्पष्ट सांगितलंय की हरवलेल्या मुलाची तक्रार आली की एफआयआर नोंदवायचा आणि तपासात वेगळं काही निष्पन्न होईपर्यंत अपहरण किंवा मानवी तस्करी गृहीत धरून चालायचं. एवढा एक निकाल पाठ असला तरी ठाण्यात पुरतो.

मग हे चोवीस तास आले कुठून, असं आत्याने विचारलंच. मला माहीत असलेली चोवीस तासांची मर्यादा आहे ती पोलिसांवर. अटक केलेल्या माणसाला तेवढ्या वेळात दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावंच लागतं. पोलिसांवरचं बंधन आपण आपल्याच गळ्यात अडकवून बसलोय.

नाइलाजाने एक मान्य करतो. ‘थांबा, येईल परत’ असं ठाण्यात सांगितलं जातं, हे खरं आहे. मागच्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या विंगेतले आजोबा, ज्यांना संध्याकाळनंतर स्वतःचं घर ओळखू येत नाही, चपला न घालताच बाहेर पडले. मुलगा तासाभरात ठाण्यात पोचला, तर अंमलदाराचा पहिला प्रश्न, “चोवीस तास झाले का?” आणि मुलगा मान हलवून परत आला! भांडला नाही, कारण त्यालाही तेच माहीत होतं. आजोबा पहाटे बसडेपोच्या बाकावर सापडले, तापाने फणफणलेले. वाचले, हे नशीब.

पहिले तासच महत्त्वाचे असतात. फोन चालू आहे तोवर टॉवर सापडतो, बॅटरी संपली की तो धागा तुटला. दुकानांच्या सीसीटीव्हीवर काही दिवसांतच जुन्यावर नवं चढतं. रिक्षावाल्याला आज आठवतं, उद्या नाही. तेव्हा अलीकडचा फोटो, अंगावरचे कपडे, मोबाइल नंबर आणि शेवटचं कुठे दिसले एवढं घेऊन जा. तोंडी टोलवलं तर लेखी द्या आणि पोच मागा. लहान मूल असेल तर १०९८ या हेल्पलाइनला फोन, नाहीतर ११२ ला. आणि अपहरणासारख्या गुन्ह्याची शंका असेल तर ‘आमची हद्द नाही’ हेही ऐकून घेऊ नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर कुठल्याही ठाण्याला घ्यावी लागते. तरीही नाही घेतली तर लेखी अर्ज अधीक्षकांकडे, मुंबई-पुण्यासारख्या शहरात उपायुक्तांकडे.

दयाच्या कानाखालीबद्दल दोनच वाक्यं. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, पूर्वी पुरावा कायद्याचं कलम २५ होतं, आता साक्ष अधिनियमाचं २३. म्हणजे मालिकेत जिथे केस संपते, तिथे कोर्टात ती सुरूसुद्धा झालेली नसते.

राहिला पाचवा मुद्दा, तो थोडासा खरा निघाला, काय करणार. मुंबई गुन्हे शाखेचं कागदोपत्री नाव ‘डीसीबी, सीआयडी’ असंच आहे आणि तिथे एसीपीही असतात, वरिष्ठ निरीक्षकही. पण राज्याची सीआयडी वेगळी, तिचं मुख्यालय पुण्यात. आणि मुंबईत खून झाला तर गुन्हा आधी स्थानिक ठाण्यात दाखल होतो, गुन्हे शाखा नंतर येते, तीही प्रत्येक वेळी नाही.