फी विचारली की माहितीपत्रक पुढे करतात

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या पोरासाठी माझी हीच पायपीट. यंदा भाचा. हॉटेल मॅनेजमेंटचं तिसरं कॉलेज काल पाहून सांगलीला परत आलो, डोकं अजून भणभणतंय.

एकूण खर्च किती, हे सरळ सांगायला काय जातं हो? छापील कागदावर नुसती ट्यूशन फी. बाकीचं त्याच कागदाच्या मागे पेनानं: युनिफॉर्म, सुऱ्यांचा संच, प्रॅक्टिकलचं सामान, होस्टेल. मागची बेरीज पाहून ताई गप्पच झाली. तिनं पाटल्या मोडायची तयारी केलीय.

"शंभर टक्के प्लेसमेंट" म्हणाले. गेल्या वर्षीच्या पोरांना पहिला पगार हातात किती मिळाला, विचारलं. "ते मुलावर असतं." मग शंभर टक्के कशाचे?

आणि एनसीएचएम जेईई ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा देऊन सरकारी आयएचएममध्ये, म्हणजे सरकारच्या हॉटेल मॅनेजमेंट संस्थेत, जाता येतं, हे पोरांना बारावीआधी कुणी सांगतच नाही. दादरचं आयएचएम १९५४ पासून आहे! तिथली बीएस्सी तीन वर्षांची; या कॉलेजांची बीएचएमसीटी, म्हणजे हॉटेल मॅनेजमेंटचीच डिग्री, चार वर्षांची. ते जास्तीचं एक वर्ष म्हणजे वर्षाची फी, खोलीभाडं, मेस आणि वर बुडालेला वर्षाचा पगार. हे कोण धरतं हिशोबात?

पोराला स्वयंपाकाची खरी आवड आहे. पहाटे उठून भडंग करतो, लसूण कुरकुरीत होईपर्यंत कढईपासून हलत नाही. अशा पोराला अर्धवट आकडे सांगताना यांची जीभ कशी अडखळत नाही?