आमच्याकडेही होती

ठाण्यात जुनी मोटार बाळगणे तितकेसे अवघड नाही. खड्डे नव्या गाड्यांनाही आहेत, घोडबंदर रस्त्यावरची कोंडी लहानथोर असा भेद करीत नाही, आणि गाडी लावायला जागा मिळत नाही हे दुःख तर सार्वजनिकच आहे. खरा छळ असतो तो त्या गाडीविषयी इतरांच्या आठवणी ऐकण्याचा. माझ्याकडे 1990 सालची प्रीमियर पद्मिनी आहे. ती मुळात काकांची. माझ्या हवाली करताना त्यांनी कागदपत्रे, एक जादा फॅन बेल्ट, प्लग साफ करायचा तारेचा ब्रश आणि चोक किती ओढावा याविषयीच्या सविस्तर सूचना दिल्या. पण ही गाडी घेऊन गोखले रोडला गेलास तर घरून अर्धा तास आधी नीघ, कारण परत येशील तेव्हा दाराशी कोणीतरी उभे असेल, ही एकच उपयोगाची सूचना द्यायची ते विसरले.

तो कोणीतरी बहुधा साठीच्या पुढचा असतो. त्याचा एक हात गाडीच्या टपावर असतो आणि दुसऱ्या हातात भाजीची पिशवी असते. तो आधी गाडीकडे पाहून हसतो, मग माझ्याकडे पाहून गंभीर होतो आणि म्हणतो, "आमच्याकडेही होती." यावर काय उत्तर द्यावे याचा मी पुष्कळ विचार केलेला आहे. "हो का?" म्हटले तर ते निमंत्रण ठरते आणि गप्प राहिले तर ती संमती ठरते. त्या काळी नौपाड्यात मोटार असलेली घरे बोटांवर मोजण्याइतकी होती असे तीच मंडळी एरवी सांगतात. पण आज मला भेटणाऱ्या दर दुसऱ्या गृहस्थाकडे पद्मिनी होती, ती पांढरी किंवा फिकट निळी होती, आणि तिने त्यांना महाबळेश्वरला नेऊन आणले तेव्हा घाटात एकदाही पाणी घालावे लागले नव्हते. एका गृहस्थांकडे मात्र ती नव्हती. त्यांच्या मावसभावाच्या सासऱ्यांकडे होती, आणि ती कहाणी सर्वांत लांबली.

तीन हात नाक्यावर एकदा वाहतूक पोलिसांच्या हवालदारांनी शिटी वाजवून मला बाजूला घेतले. मी विमा, पीयूसी आणि नोंदणीचे पुस्तक असा सगळा जामानिमा पुढे केला. त्यांनी त्यातल्या कशालाही हात लावला नाही. खिडकीतून डोके आत घालून त्यांनी स्टेअरिंगखालून डाव्या अंगाला निघालेला गिअरचा दांडा निरखला, पुढची सलग सीट तळव्याने दाबून पाहिली, आणि कोपऱ्यातली त्रिकोणी काच दोनदा उघडून दोनदा लावली. "वडील टॅक्सी चालवायचे," ते म्हणाले. "ह्या काचेतनं वारा थेट तोंडावर. एसीची गरजच नव्हती साहेब." दरम्यान सिग्नल कितीदा हिरवा होऊन गेला ते मी मोजले नाही. शेजारून जाणारे लोक मात्र, बिचारा चांगलाच सापडला, अशा नजरेने माझ्याकडे पाहत होते, आणि ते खरेच होते.

आठवणी एक वेळ परवडतात. इतिहास परवडत नाही. ही गाडी टाटांची, असे मला छातीठोकपणे सांगितले गेले आहे. ती इटलीहून अख्खी बोटीने येत असे, असेही सांगितले गेले आहे. तिचे नाव पद्मिनी कोल्हापुरे यांच्यावरून ठेवले, असे एका निवृत्त प्राध्यापकांनी मला तलावपाळीवर ऐकवले. हे नाव बाजारात आले त्या 1974 साली त्या शाळकरी मुलगी होत्या आणि नाव चितोडच्या राणीचे आहे, हे मी त्यांना सांगितले नाही, कारण प्रतिवादाने व्याख्यानाची लांबी दुप्पट होते हे मी अनुभवाने शिकलो आहे. मी मनातल्या मनात दुरुस्त्या करीत उभा राहतो. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी विमान, जहाज आणि मोटार या तिन्ही वस्तू आपल्याकडेच बनल्या पाहिजेत असा ध्यास घेतला. 1940 मध्ये त्यांनी बंगळूरला विमानांचा कारखाना काढला, पाठोपाठ विशाखापट्टणमला गोदी बांधायला घेतली, आणि 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार करून डॉज आणि प्लिमथ गाड्या जोडल्या जात. 1950 नंतर फियाटशी सोयरीक झाली. 1964 पासून फियाट 1100 डिलाइट म्हणून जी गाडी निघू लागली, तीच पुढे किरकोळ फेरफार करून पद्मिनी या नावाने विकली गेली. कंपनीने बिल्ला बदलला, नाव बदलले, जाहिराती दिल्या. गिऱ्हाईक मात्र शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले.

या सगळ्या कथनांत एक गोष्ट निर्विवाद खरी असते, आणि ती म्हणजे रांग. अॅम्बॅसेडर, फियाट आणि स्टँडर्ड एवढ्यांतच निवड असण्याच्या त्या परवाना-राज्यात गाडीसाठी पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. पाचपाखाडीतले एक आजोबा सांगतात की त्यांनी नाव नोंदवले तेव्हा मुलगा बालवाडीत होता आणि गाडी दारात आली ती त्याच्या मुंजीच्या गडबडीत, त्यामुळे पेढे नेमके कशाचे वाटले याविषयी नातेवाइकांत आजही एकवाक्यता नाही. गाडी होती कशी? 1089 सीसीचे इंजिन, जेमतेम चाळीस अश्वशक्ती, आणि थंडीत चोक ओढून तिची मनधरणी करायची. तरीही तिचे दार लावल्यावर जो आवाज येत असे, त्याविषयी लोक अजून डोळे मिटून बोलतात.

असे डोळे मिटलेल्या एका गृहस्थांना मी एकदा न राहवून विचारले, "मग विकली का हो?" त्यांनी डोळे उघडले, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाले, "मुलांना मारुती हवी होती." तेव्हापासून हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो आणि उत्तर प्रत्येक वेळी तेच येते. डिसेंबर 1983 मध्ये पहिली मारुती 800 रस्त्यावर आली तेव्हाची मुले आईबापांच्या व्यवहारांत फारच अधिकार गाजवीत असली पाहिजेत. त्यातली काही आता पन्नाशी ओलांडून मला रस्त्यात भेटतात आणि म्हणतात, "बाबांनी विकली. आम्ही किती रडलो होतो!" एकूण काय, ती कोणीच विकली नाही. ती आपल्या पायांनी घर सोडून गेली आणि सहा-सात माणसांच्या त्या कुटुंबाला नाइलाजाने मारुतीत कोंबून बसावे लागले.

मासुंदा तलावाच्या कडेला माझ्याच गाडीच्या बॉनेटवर कोपरे टेकून दोन ज्येष्ठ नागरिक, प्रीमियर कोणी बुडवली, या विषयावर हातघाईला आले होते. एकाच्या मते युनियनने बुडवली, दुसऱ्याच्या मते शेठ लोकांनी. मी मधे चावी हातात घेऊन उभा होतो. घटनाक्रमावर मात्र दोघांचे एकमत होते. 1985 मध्ये कंपनीने फियाट 124च्या सांगाड्यात निसानचे इंजिन बसवून 118 एनई काढली. 1991 नंतर बाजार खुला झाला, तेव्हा फ्रान्सच्या प्यूजोशी करार करून कल्याणच्या, म्हणजे खरे तर डोंबिवलीजवळच्या, कारखान्यात प्यूजो 309 बनवायला घेतली. 1996 मध्ये फियाट उनो आणली, आणि तिच्या नोंदणीसाठी लोकांनी पुन्हा एकदा हौसेने रांगा लावल्या. कामगार आणि व्यवस्थापन यांचे भांडण विकोपाला गेले, गाड्या वेळेवर बाहेर पडेनात, 1997 मध्ये प्यूजोने गाशा गुंडाळला, आणि 2001च्या सुमारास पद्मिनीही बंद पडली. पुढे 2009 मध्ये रिओ नावाची एक गाडी चिंचवडहून आली आणि गेली. ती "आमच्याकडेही होती" असे मला अद्याप कोणीही म्हटलेले नाही. माझे मत कोणी विचारले नाही, तरी सांगतो: दाराशी वीस वर्षे रांग असलेल्या दुकानदाराला माल बदलावासा वाटत नाही. रांग हटली तेव्हा त्याच्याकडे तोच माल होता, आणि रांगेतली मंडळी पलीकडच्या दुकानात मुलांच्या इच्छेखातर उभी होती.

एकच माणूस असा भेटला की ज्याने काही आठवण सांगितली नाही. गडकरी रंगायतनबाहेर, नाटक सुटल्यावर, पांढऱ्या बुशकोटातले एक वृद्ध गाडीपाशी आले. त्यांनी विचारले, "दार उघडू का?" मग ते दार उघडून हलकेच लोटले आणि कान देऊन ऐकले. दार आणि सांगाडा यांच्यामधल्या फटीतून त्यांनी अंगठ्याचे नख वरून खाली फिरवले. बिजागरीपाशी ते थांबले, परत वर गेले आणि पुन्हा तिथेच थांबले. "हे दार मागाहून बसवलंय," ते म्हणाले. "आमच्याकडून अशी फट सुटली असती तर सुपरवायझरनं गाडी परत पाठवली असती." आधी कुर्ला, नंतर प्यूजोच्या लाइनवर, असे त्यांनी तुटक सांगितले. कारखाना मिटला, आणि आता कल्याण-शीळ रस्त्याला प्रीमियर मैदान म्हटले की रिक्षावाला नेऊन सोडतो, एवढेच ते पुढे बोलले आणि डोंबिवलीची गाडी पकडायला निघून गेले. घरी आल्यावर मी काकांना फोन केला. बराच वेळ शांत राहून काकांनी खोपोलीच्या घाटातल्या एका एसटीचा उल्लेख केला, जो गेली तीस वर्षे काकूंनाही ठाऊक नव्हता.

सुट्या भागांसाठी ऑपेरा हाउस आणि कुर्ला पालथे घालावे लागते, ते मी आनंदाने घालतो, कारण तिथले दुकानदार धंद्यापुरते बोलतात. नियमांचे म्हणाल तर पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करायची आणि हरित कर भरायचा. व्हिंटेज म्हणून मान मिळायला गाडी पन्नाशी ओलांडावी लागते, म्हणजे सध्या ती पेन्शनीत निघालेली पण ज्येष्ठ नागरिकाची सवलत न मिळालेली अशी अधांतरी आहे. ऑक्टोबर 2023च्या अखेरीस मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरून रस्त्यावरून गेली, तेव्हा तर मला सांत्वनाचे फोन आले. हा नियम टॅक्सीला आहे, माझ्या गाडीला नाही, असे प्रत्येकाला समजावून सांगावे लागले. शेजारच्या आजींनी ते ऐकून घेतले आणि तरीही, "धीर धरा," म्हणाल्या.

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी, पार्किंगमध्ये पडणाऱ्या ऑइलच्या डागांबद्दल मला दोन नोटिसा दिलेल्या आहेत. गेल्या हिवाळ्यात ते स्वतः घरी आले, चहा घेतला, आणि मुलीच्या प्री-वेडिंग शूटसाठी गाडी मागितली. "चालली नाही तरी चालेल," असे ते उदारपणे म्हणाले. उपवन तलावाच्या काठी सकाळच्या उन्हात फोटोग्राफरने त्याची कल्पना मांडली: गाडी रस्त्यात बंद पडली आहे, नवरदेव बॉनेट उघडून हताश उभा आहे आणि वधू रुसून टपाला टेकली आहे. गाडी त्या दिवशी पहिल्या चावीला चालू झाली होती. फोटोसाठी ती बंद करावी लागली. बॉनेट वर गेले मात्र, आणि तलावाला फेऱ्या मारणारी सगळी मंडळी वाट बदलून आली. एकाने कार्ब्युरेटरमध्ये कचरा असणार असे निदान केले, दुसऱ्याने पॉइंट घासायला काचपेपर मागितला, आणि तिसऱ्याने नवरदेवाला बाजूला सारून कॉइलची वायर उपटली. फोटोग्राफर हात जोडून, "काका, फ्रेममधून जरा बाहेर या," असे विनवत होता. "फोटो काय नंतरही निघतील," असे त्याला आतून सांगण्यात आले, "आधी गाडी चालू होऊ दे."