आधी चव, मग खरेदी

परदेशी जायला निघालेल्या माणसाच्या हातात नातेवाईक हमखास एक यादी ठेवतात आणि त्या यादीतल्या चॉकलेटांपायी शेवटची संध्याकाळ कुठल्यातरी मॉलमध्ये जाते. मेलबर्न, सिंगापूर आणि बँकॉक असा प्रवास करून आल्यावर माझे मत पक्के झाले आहे, की खरेदीची यादी घरून नेऊच नये. जी वस्तू तिथल्या माणसांच्या हातात रोजच्या वापरात दिसते आणि जिची चव आपण स्वतः घेतली आहे, तीच विकत घ्यावी.

मेलबर्नला भाचीकडे उतरलो होतो. तिच्यासाठी नेलेला गोडा मसाला विमानात मिळालेल्या कार्डावर रीतसर नोंदवला, म्हणून तपासणीत अधिकाऱ्याने तो पाहिला आणि शांतपणे परत दिला. खाण्याच्या वस्तू लपवून नेल्यास तिथे मोठा दंड होतो, तेव्हा जाणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावे. क्वीन व्हिक्टोरिया मार्केट १८७८ सालचे, म्हणजे आमच्या पुण्याच्या मंडईपेक्षा आठ वर्षांनी मोठे. १९५० पासून तिथे उभ्या असलेल्या गाडीवरचे, आत गरम जॅम भरलेले डोनट आम्ही थंडीत कुडकुडत खाल्ले. पण घरी आणले ते वॉटलसीड. बाभळीच्या नात्यातल्या झाडांच्या या बिया तिथले आदिवासी समाज हजारो वर्षांपासून दळून खात आले आहेत. भाजल्यावर त्यांना कॉफी आणि चॉकलेट यांच्या मधला वास येतो. एका बिस्किटात ती चव लागली, तेव्हाच मला नाचणीचे लाडू आठवले.

सिंगापूरला सकाळ होते ती काया टोस्टने. नारळाचे दूध, अंडी, साखर आणि पांदानची पाने आटवून केलेला हा जॅम, पावाच्या दोन कुरकुरीत कापांमध्ये थंड लोण्याची चकती आणि सोबत सोया सॉस घातलेली अर्धी कच्ची अंडी. पांदानचा वास येताच मी चमकले, कारण आपल्याकडे भातात घालतात ते अन्नपूर्णेचे पान हेच! शेजारी कॉफीवाला लांब कापडी गाळणीतून कॉफी गाळत होता आणि मला आमच्या अमृततुल्यातले चहाचे फडके दिसत होते. बिनदुधाची, साखर घातलेली कॉफी हवी असेल तर ‘कोपी ओ’ म्हणायचे, हे त्यानेच शिकवले. तशी गाळणी मी जवळच्या दुकानातून घेतली.

खरी मौज बँकॉकला आली. शनिवार-रविवारी भरणाऱ्या चातुचाक बाजारात पंधरा हजारांच्या आसपास दुकाने आहेत आणि तिथे हरवण्यातही आनंद आहे. एका गाडीवर एक मावशी सोम तम, म्हणजे कच्च्या पपईची कोशिंबीर, करत होत्या. लसूण, मिरची, ताडगूळ, लिंबू, शेंगदाणे आणि कच्च्या पपईचा कीस हे सारे मातीच्या उंच उखळीत लाकडी मुसळाने हलके ठेचले जात होते आणि दुसऱ्या हातातला चमचा ते सतत खालीवर करत होता. आंबट, गोड, तिखट, खारट अशी चव एकाच घासात! तशीच उखळी घ्यायला मी दुकानात गेले, तर दुकानदार काकांनी आधी मला काय करायचे आहे ते खुणांनी विचारले. पपईला माती आणि लाकूड, कारण कीस नुसता चेपून रस सुटावा, त्याचा लगदा होऊ नये. मिरची, गवती चहा, कोथिंबिरीची मुळे यांचे वाटण करायचे तर मात्र ग्रॅनाइटच हवे. ठेचा हा शब्द त्यांना कळणे शक्य नव्हते, पण मी मूठ आपटून दाखवताच त्यांनी हसत ग्रॅनाइटचा खलबत्ता पुढे केला. मागणीपेक्षा गरज ओळखणारा असा विक्रेता मला कोणत्याही चकचकीत दुकानात भेटलेला नाही.

त्या खलबत्त्यासाठी वजनाची बॅग जवळजवळ रिकामी करून कपडे हातातल्या पिशव्यांत भरावे लागले, पण तो सुखरूप आला. परवा सासूबाईंनी त्यात लसूण, हिरव्या मिरच्या आणि मीठ घालून ठेचा केला, आणि आमचा मिक्सर आठवडाभर कपाटातून बाहेर निघालेला नाही.