पंधरा ग्लास, अडीच भाकऱ्या

"तुमच्यानं व्हायचं नाही हो सर," असं मला आयुष्यात दोनच बायकांनी तोंडावर सांगितलंय. एक माझी बायको. तिला तो हक्क आहे. दुसरी परवा मंगळवारी भेटली, टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळच्या ट्रॅव्हलच्या ऑफिसात. ओळख ना पाळख. आणि बोलली कशाबद्दल, तर माझ्या पिण्याबद्दल.

मागची हकिगत दोन ओळींत उरकतो. मुलगा सिंगापुरात असतो. आमच्या लग्नाला ३५ वर्षं झाली म्हणून त्यानं आम्हा दोघांना चार रात्रींची क्रूझ भेट दिली: सिंगापूर, पेनांग, फुकेत आणि परत. खोली, जेवण, नाच-गाणी सगळं त्यात. "पिण्याचं तेवढं तुम्ही बघा, बाबा," असं फोनवर म्हणाला आणि आई ऐकतेय हे लक्षात येऊन पुढं जोडलं, "म्हणजे सरबत वगैरे." मी शनिवारी एक, आणि गोव्याहून कुणी पाहुणा आला तर दीड, असा माणूस. हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झालोय. अपूर्णांकाशी माझं भांडण नाही.

एजंट म्हणजे चोवीस-पंचवीस वर्षांचं पोरगं. त्यानं आधी आमचे कागद तपासले आणि ठरलेल्या जागी अडखळलं. माझ्या जुन्या पासपोर्टवर जन्मगाव 'बेल्गाम', आधारवर पत्ता 'बेळगावी'. "काका, ही दोन गावं जवळजवळ आहेत काय?" म्हणालं. आता काय सांगायचं! २०१४ च्या नोव्हेंबरात सरकारी नाव बदललं तेव्हा मी ह्याच गावात, ह्याच घरात, ह्याच खुर्चीवर बसून चहा पीत होतो. जन्म एका गावात, वास्तव्य दुसऱ्यात, आणि तोंडात तिसरं: बेळगाव. माणूस मात्र जागचा हलला नाही. असो. तो विषय काढला की जेवणं थंड होतात.

मग त्यानं गळ टाकला. "काका, ड्रिंक्स पॅकेज घ्या. अनलिमिटेड."

दर माणशी दिवसाला ७० डॉलर. वर १८ टक्के बक्षिशी, तीही आगाऊ. वाढपी अजून समोर आला नाही, त्याचा हात जड का हलका माहीत नाही, आणि बक्षिशी जमा. आज रात्री बाराच्या आत घेतलं तर हा दर, जहाजावर चढल्यावर यापेक्षा जास्त. आणि आकडे सगळे डॉलरमध्ये, म्हणजे दिसायला किरकोळ. भाजीवाल्यानं 'पावशेर वीस' म्हणावं आणि आपण किलोचा हिशेब विसरावा, त्यातली गत.

"आणि काका, एका खोलीतल्या एका मोठ्या माणसानं घेतलं तर दुसऱ्यालाही घ्यावं लागतं."

"पण ही पीत नाही!"

"हो, पण घ्यावं लागतं."

मी ब्रोशर उलटं करून पाठीवर गणित मांडायला घेतलं. ७० अधिक १२.६०, म्हणजे ८२.६०. गुणिले चार, गुणिले दोन, ६६० डॉलर ८० सेंट. डॉलर ८५ रुपयांना धरला तरी छप्पन हजारांच्या वर. त्यातले निम्मे माझ्या बायकोच्या नावावर. ती चहाशिवाय काही पीत नाही, आणि चहा जहाजावर बुफेत फुकट असतो. साधं पाणीही. म्हणजे अठ्ठावीस हजार रुपये भरून तिनं चार दिवस फुकटचा चहा प्यायचा.

तेवढ्यात गेट पडलं. टिळकवाडीतलं रेल्वे गेट पडलं की माणसं स्कूटर बंद करून मिळेल त्या सावलीत शिरतात. ऑफिसात तिघं-चौघं आत आले. एकाच्या हातात दुधाची पिशवी. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर इतका वेळ गप्प बसलेली, काशीच्या तिकिटांसाठी आलेली एक साठी-पासष्टीची बाई पुढं सरकली. इरकल साडी, कपाळाला कुंकू, नाकावर घसरलेला चष्मा, हातात कापडी पिशवी. पुढं कळलं, आरपीडी क्रॉसकडं तिची खानावळ आहे. पोरं तिला अक्का म्हणतात.

"खाडा धरतात काय रे?" तिनं एजंटला विचारलं.

"काय मावशी?"

"खाडा, खाडा. एक दिवस जेवायला आला नाही तर पैसे कापतात काय?"

"नाही. सगळे दिवस घ्यावेच लागतात. फुकेतला दिवसभर खाली उतरला तरी त्या दिवसाचे लागतात."

"हां. डबा?"

"म्हणजे?"

"दुसऱ्याला नेऊन देता येतंय?"

"नाही. एका वेळी एकच ग्लास. कार्ड दाखवायचं, त्याच्यावरनं तुमचा फोटो दिसतो त्यांना."

"बराब्बर. आणि एका खोलीत दोघं असली की दोघांनी लावायचं."

पोरगं चाट पडलं. "तुम्ही गेलाय काय कधी क्रूझला?"

"जायला कशाला लागतंय? एका खोलीत दोन पोरं. एक मेस लावतोय, दुसरा त्याच्यातलंच खातोय. तीस वर्षं बघूलालोय की मी!"

(आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'करतो', 'बघतो' म्हणतात. पुण्याचे पाहुणे पहिल्यांदा दचकतात. नंतर सवय होते.)

मालगाडी यायला लागली होती. खिडक्या थरथरायला लागल्या तसा अक्कानं आवाज चढवला, त्यामुळं पुढचं सगळं बाहेरच्या रांगेतल्यांनीही ऐकलं.

"अनलिमिटेड म्हणजे काय सांगतो, ऐका सर. दर वर्षी नवीन पोरं येतात. इंजिनिअरिंगची. पैल्या आठवड्यात बारा-बारा चपात्या खातात. पैसे भरलेत न्हवं! मी काय बोलत नाही. खा बाळा म्हणतो. दुसऱ्या आठवड्यात आठ. म्हैना झाला की चार. पैसे भरलेत म्हणून खाणारा आठ दिवस खातोय, नंतर पोट आपलं मूळ पदावर. मी तीन मजली घर बांधलं ते कुणाच्या जिवावर? बारा चपात्यावाल्याच्या? नाही. चार चपात्यावाल्याच्या." मग चष्म्याच्या वरून माझ्याकडं पाहिलं. गुरांच्या बाजारात दात बघतात तसं. "तुम्ही चार चपात्यावाले."

"तसं काही नाही," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

"किती घेतासा? लाजू नका, डॉक्टरला सांगतासा तसं सांगा."

"शनिवारी एक," बायकोनं परस्पर सांगितलं.

"कधीमधी दीड," मी म्हणालो.

दुधाची पिशवीवाला खुदकन हसला. ह्या माणसाला मी ओळखत नाही. त्याचं दूध नासो.

"तुमच्यानं व्हायचं नाही हो सर," अक्का म्हणाली. अगदी मायेनं म्हणाली, तेच जास्त लागलं.

आता माझ्यातला मास्तर जागा झाला. म्हटलं, भावनेनं नको, आकड्यानं बोलू. जहाजावर बिअर ८ डॉलर, बक्षिशी धरून ९.४४. आम्हा दोघांच्या पॅकेजचे रोजचे १६५.२० डॉलर. पिणारा मी एकटा. म्हणजे पैसे वसूल व्हायला मला रोज साडेसतरा बिअर प्यायला हव्यात. मी आकडा मोठ्यानं वाचला. मालगाडी चालूच होती. त्या गाडीला डबे किती होते कोण जाणे, माझी अब्रू पूर्ण वाहून नेण्याइतके होते.

एजंटनं पुस्तिका चाळली आणि चाचरत म्हणाला, "काका, ह्या जहाजावर पॅकेजला दिवसाला १५ ग्लासांची मर्यादा आहे."

मग अनलिमिटेड कशाला म्हणालास रे? पण ते बाजूला. पंधरा गुणिले ९.४४, म्हणजे १४१ डॉलर ६० सेंट. भरायचे १६५.२०. रोज मरेस्तोवर, मर्यादेला टेकेस्तोवर बिअर प्यायलो तरी तोटाच. मी खडू नसतानाही हवेत रेघ ओढली आणि 'हेच सिद्ध करायचे होते' म्हणालो. मला खरोखर आनंद झाला होता. किती दिवसांनी इतकी स्वच्छ सिद्धता हाती लागली!

"मी तेच म्हणालो की मघाशी," अक्का म्हणाली.

तिनं पेन उचललं नव्हतं. इथं खरी बोच आहे.

एजंटनं शेवटचा डाव टाकला. "काका, बिअर कशाला? कॉकटेल घ्या ना. तेरा डॉलरला एक. रोज अकरा झाली की वसूल!"

"रोज अकरा?" अक्का माझ्या बायकोला म्हणाली. "बाई, जाताना दावं घेऊन जा. सरांना खांबाला बांधावं लागंल."

बायको हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत हसली. ३५ वर्षं मी ह्या घरात विनोद करतोय, इतकी कधी हसली नाही.

गाडी गेली, गेट उघडलं, माणसं पांगली. मी "विचार करून सांगतो" म्हणून उठलो. एजंटनं दारापर्यंत येऊन सुचवलं की काही कंपन्या फोन करून अजीजी केली तर न पिणाऱ्याला सरबत-कॉफीचं स्वस्त पॅकेज घेऊ देतात. म्हणजे न पिण्याचेही पैसे भरायचे, फक्त जरा कमी. माझा राग तिथं आहे. पैसे घेताना आम्ही जोडपं, आणि ग्लास देताना दोन स्वतंत्र माणसं. तिच्या वाटणीचा मी उचलायला गेलो तर 'फोटो जुळत नाही'. अरे, सात फेरे घेतले तेव्हा जुळला होता ना? आणि हे 'आज रात्री बारापर्यंत' काय प्रकरण आहे? दुपारी परवडणारी वस्तू मध्यरात्रीनंतर महाग होते, अशी वस्तू आमच्या गावात पूर्वी फक्त एकाच धंद्यात मिळायची.

संध्याकाळी कट्ट्यावर मित्रांना सांगितलं तर त्यांना वेगळाच उत्साह. "माउथवॉशच्या बाटलीत भरून ने," एक म्हणाला. दुसरा म्हणाला, कोकम आगळाची बाटली बरी, रंग कळत नाही. आमच्या पिढीनं गोव्याहून येताना चोर्ला घाट इतक्यांदा केलाय की नाका दिसला की आपोआप चेहरा भाविक होतो. काजूच्या पिशव्यांखाली, सुक्या बांगड्यांखाली, एकदा तर मंगेशीच्या प्रसादाखाली. वाईनची एक बाटली चढताना न्यायला काही जहाजं देतात, हे मी सांगितलं तर सगळ्यांचा विरस झाला. परवानगीनं न्यायची तर मजा काय? आणि बंदरात विकत घेतलेली बाटली जहाजवाले ठेवून घेतात, शेवटच्या दिवशी परत देतात, हे ऐकून तर एकानं कळवळून विचारलं, "तेवढीच्या तेवढी देतात?" अनुभवाचा प्रश्न होता.

घरी आलो, पण 'चार चपात्यावाले' डोक्यातून जाईना. साडेआठला चपला घातल्या. "कुठं?" "पाय मोकळे करायला." पाय थेट आरपीडी क्रॉसकडं.

अक्का गल्ल्यावर होती. मला बघून पापणीही हलली नाही. पाटीवर 'अनलिमिटेड'. म्हटलं, बघतोच आता. जोंधळ्याची भाकरी, अख्खा मसूर, वांग्याची भाजी, ठेचा. पहिली भाकरी मी अभिमानानं खाल्ली. मध्येच पोऱ्यानं न मागता ताक ठेवलं. ताकानं पोट भरून टाकायचं, ही खानावळीची युक्ती माझ्या लक्षात यायला हवी होती. पण ताकात आलं-कोथिंबीर होती, आणि मी प्यायलो. दुसरी भाकरी कष्टानं गेली. पुन्हा ताक. शेजारी मिसरूड फुटलेलं एक पोरगं एका हातानं मोबाइल बघत सातवी चपाती मोडत होतं. तिसऱ्या भाकरीच्या अर्ध्यावर कपाळाला घाम आला. "वाढू?" पोऱ्यानं विचारलं. मी गल्ल्याकडं पाहिलं. अक्का माझ्याकडं बघतही नव्हती. नोटा लावत होती.

"बस," मी म्हणालो.

पैसे द्यायला गेलो तेव्हा तिनं मान वर केली. "अडीच."

"हो."

"पैलं ताक पिलासा, तिथंच संपलं." सुटे मोजून हातावर ठेवले आणि वर बडीशेप दिली. "बाईंना घेऊन या एकदा. मांडे करतो."

रात्री पावणेबाराला मी डाव्या कुशीवर पडून होतो. उजव्या कुशीवर वळणं शक्य नव्हतं. मोबाइल वाजला. एजंटचा मेसेज: 'काका शेवटची १५ मिनिटं, करू का?' मी उत्तर दिलं नाही. बारा वाजले, सव्वाबारा झाले.

अंधारात बायकोचा आवाज आला. "ओवा देऊ का? त्याला पॅकेज नाही."

घेतला.