ब्रीदरला बूच मारायला सांगणाऱ्या मेसेजबद्दल

परवा सकाळी काकांचा फोन आला. "अरे, एका ठिकाणची गळती बंद केली, तर आता तीन ठिकाणांहून गळायला लागलंय." काय केलंत, विचारलं. तर म्हणे मोटरसायकलच्या ब्रीदर पाइपात (इंजिनातला वायू बाहेर सोडणारी नळी) बोल्ट खुपसला आणि वरून क्लिप आवळली. कोणी सांगितलं? "मेसेज आलाय ना, सात उपायांचा. तुलाही पाठवला होता." पाठवला होता खरा. मी न वाचताच पुसून टाकला, ती माझी चूक. आता नीट वाचलाय आणि डोकं फिरलंय.

मेसेज असा: जुन्या मोटरसायकलचं ऑइल गळतंय? घरच्या घरी सात अचूक उपाय. १) थेंब जिथे पडतो त्याच्या बरोबर वरचा जोड गळतो, तोच उघडा. २) २०डब्ल्यू-५० हे घट्ट ऑइल टाका, गळती आपोआप थांबते. ३) ब्रीदर पाइपातून ऑइल येत असेल तर पाइप बंद करा. ४) जोडावर बाहेरून सिलिकॉन फासा. ५) सगळे बोल्ट हात दुखेपर्यंत आवळा. ६) कारसाठी मिळणारं गळतीबंद औषध ऑइलमध्ये ओता. ७) एवढं करूनही थांबलं नाही तर सोडून द्या, जुन्या गाड्या गळतातच.

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे बहुतेक उपाय वेळ आणि पैसा घालवतात, हा इंजिन घालवतो.

ब्रीदर म्हणजे इंजिनाचं नाक. ३५० सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन घ्या. पिस्टन खाली येतो तेव्हा त्याच्या खालची, म्हणजे क्रँककेसमधली, जागा ३५० सीसीने कमी होते. मिनिटाला ३००० फेरे धरले तर हे सेकंदाला ५० वेळा होतं. शिवाय पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळालेला थोडा वायू त्यांच्या कडेने खाली उतरतोच, आणि जुन्या इंजिनात जरा जास्त उतरतो. या सगळ्याला बाहेर पडायला एकच वाट असते, ती म्हणजे हा पाइप. तुम्ही ती बुजवली की वायू साठत जातो आणि दुसरी वाट शोधतो. ती कुठे सापडणार? गिअर शाफ्टच्या सीलमधून, किक शाफ्टच्या सीलमधून, टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून. ऑइल सीलची रबरी ओठी एका बारीक स्प्रिंगने शाफ्टला टेकलेली असते. तिचं काम फिरत्या शाफ्टवरून ऑइल बाहेर येऊ न देणं, आतला दाब कोंडून धरणं नव्हे. दाब वाढला की ओठी उलटते, नाहीतर अख्खं सील बैठकीतून सरकतं. काकांच्या "तीन ठिकाणां"चं गूढ ते एवढंच.

बरं, ब्रीदरमधून ऑइल येत होतं हे खरं असलं तर ते का येतंय, हा प्रश्न मेसेजला पडतच नाही. बहुतेक वेळा कारण साधं असतं: इंजिनात ऑइल जास्त झालंय. दुसरं कारण झिजलेल्या रिंगा. तिसरं कारण फार कमी लोकांच्या लक्षात येतं. पेट्रोलचा कॉक उघडा राहिला आणि कार्ब्युरेटरमधली पेट्रोल अडवणारी फ्लोट सुई नीट बसत नसली, तर पेट्रोल सिलिंडरमधून झिरपत खाली ऑइलमध्ये जातं. पातळी न ओतता वाढते आणि ऑइल पाण्यासारखं पातळ होतं. डिपस्टिकला, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या काडीला, पेट्रोलचा वास आला तर गाडी चालू करूच नका, आधी ऑइल बदला आणि मग कार्ब्युरेटर उघडा. जुन्या ड्राय सम्प गाड्यांत, म्हणजे ज्यांत ऑइल वेगळ्या टाकीत असतं, आणखी एक भानगड असते. गाडी महिनाभर उभी राहिली की त्या टाकीतलं ऑइल पंपातून हळूहळू खाली उतरतं, आणि किक मारल्यावर ब्रीदर ते भसाभसा ओकतो. ती गळती नाहीच. आणि यांपैकी एकाही दुखण्यावर बूच हे औषध नाही.

आता पहिला मुद्दा. मुळात गळती शोधायची असते, आणि शोधायची कशी याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही. ऑइल वरून खाली ओघळतं, आणि गाडी पळत असताना वाऱ्याने मागे ढकललं जातं. हेडच्या पुढच्या कोपऱ्यात पाझरलेलं ऑइल फिन्सच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पात्यांच्या, खाचांतून वाट काढत क्लच कव्हरच्या खालच्या कडेला येऊन टपकतं. मेसेज म्हणतो क्लच कव्हर उघडा. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

खरी पद्धत कंटाळवाणी आहे, म्हणूनच ती कोणी फॉरवर्ड करत नाही. इंजिन थंड असताना रॉकेल आणि ब्रशने ते पुरतं धुवायचं. फिन्सच्या खाचा, चेनच्या पुढच्या स्प्रॉकेटवरचं झाकण काढून आतला चिखल, सगळं. नंतर कोरडं पुसायचं आणि रॉकेल पूर्ण उडून जाईपर्यंत थांबायचं. मग संशयाच्या जागी टाल्कम पावडरचा पातळ थर मारायचा आणि दहा-पंधरा मिनिटं फिरून यायचं. पांढऱ्या पावडरवर ओलसर रेघ दिसते. तिच्या खालच्या टोकाकडे बघू नका, ती जिथून सुरू होते ते सर्वांत वरचं आणि सर्वांत पुढचं टोक पकडा. गळती अगदीच बारीक असेल तर ऑइलमध्ये घालायचा चमकणारा रंग मिळतो, तो अतिनील टॉर्चखाली पिवळा-हिरवा उठून दिसतो. पण दहात नऊ वेळा पावडर पुरते, हा माझा अनुभव.

अजून एक खूण आहे. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा ठेवा आणि त्यावर चाकांच्या जागा पेनाने आखून ठेवा. गाडी नुसती उभी असतानाही थेंब पडत राहिले, तर गळती ऑइलच्या पातळीच्या खालची: ड्रेन नटाचा वॉशर, क्लच कव्हर, किंवा खालच्या एखाद्या शाफ्टचं सील. पुठ्ठा कोरडा आणि फिरून आल्यावरच ओलं, तर वरचं बघा: टॅपेट कव्हर, हेड, ब्लॉकखालचं पॅकिंग. आणि मागच्या चाकाच्या रिमवर काळे शिंतोडे दिसले की ते इंजिनाचं ऑइल आहे असं लगेच धरू नका. बऱ्याचदा तुम्हीच हौसेने चेनला फासलेलं वंगण असतं ते.

दुसऱ्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. कंपनीने २०डब्ल्यू-५० सांगितलं असताना कोणी १०डब्ल्यू-३० भरलं असेल, तर मूळ ग्रेडवर परत आल्याने पाझर कमी होईल. पण गाडीला १०डब्ल्यू-३०च सांगितलं असेल तर? ऑइलच्या ग्रेड ठरवणारं एसएई जे३०० हे मानक काढून बघा. १०० अंश सेल्सिअसला ३० ग्रेडची घट्टता ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स, आणि ५० ग्रेडची १६.३ ते २१.९. म्हणजे जवळपास पावणेदोन पट. ज्या बारीक वाटा आणि जो पंप पातळ ऑइलसाठी आखलाय, त्यातून हे घट्ट ऑइल थंड इंजिनात वरच्या कॅमपर्यंत उशिरा पोचणार. आणि कडक झालेल्या रबराला ५० ग्रेडने नवं आयुष्य येत नाही. ते फार तर दोन थेंबांऐवजी एक थेंब सोडेल.

चौथा, सिलिकॉन. तेलकट जागेवर ते धरत नाही, सोलून निघतं. मग लोक जोड उघडून आतून भरपूर फासतात. जोड आवळल्यावर जेवढं बाहेर येताना दिसतं, तेवढंच आतही येतं. त्याचे तुकडे सुटले की ते ऑइलच्या जाळीवर जाऊन बसतात आणि पंप उपाशी राहतो. हो, काही इंजिनांत क्रँककेसच्या दोन भागांमध्ये कंपनीच सीलंट सांगते. पण तो पातळ थर असतो, केकवरचं क्रीम नव्हे.

पाचवा. कव्हरचे ते सहा मिलिमीटरचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये बसतात आणि त्यांना साधारण १० न्यूटन-मीटर पुरतं. हात दुखेपर्यंत आवळलंत तर आटे जातात, किंवा भोकांभोवतीची कड उचलली जाते आणि दोन बोल्टांच्या मधून नवी गळती सुरू होते.

सहावा दोन वाक्यांत. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून तर अशा क्लचला चालणाऱ्या ऑइलसाठी जासो एमए हा वेगळा दर्जा आहे, आणि कारच्या औषधाला तुमच्या क्लचशी काही देणंघेणं नसतं. क्लच घसरायला लागला की गळती परवडली म्हणाल.

सातवा. जुन्या गाड्या गळायच्या, हे खोटं नाही. कित्येक ब्रिटिश इंजिनांची क्रँककेस उभी दुभागलेली असायची, म्हणजे जोड थेट ऑइलमधून जायचा. १९६९च्या होंडा सीबी७५०ने तो जोड आडवा ठेवला. पण "गळायच्या" म्हणजे "गळू द्या" नव्हे. चेनच्या बाजूने झिरपलेलं ऑइल मागच्या टायरवर येतं, आणि ते आलंय हे तुम्हाला वळणावर कळतं. शिवाय टू-स्ट्रोक गाडीत क्रँकचं क्लचकडचं सील गेलं तर खाली एक थेंबही पडत नाही. गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं आणि जळतं. जमीन कोरडी, मागे पांढरा धूर, आणि गिअरबॉक्स रिकामा.

काकांच्या गाडीचं काय झालं? बोल्ट काढला तेव्हा पाइपातून फुस्स आवाज आला. डिपस्टिक उजव्या बाजूला, आणि काका ऑइल बघणार गाडी साइड स्टँडवर डावीकडे कललेली असताना, त्यामुळे त्यांना ते कायम कमीच दिसायचं आणि ते ओतत राहायचे. सरळ उभी करून बघितली तर पातळी वरच्या खुणेच्या कितीतरी वर. जास्तीचं काढून टाकलं, ब्रीदर दुसऱ्या दिवशी कोरडा. म्हणजे मुळात गळती नव्हतीच. गिअर शाफ्टचं सील मात्र बुचाने खरोखरच गेलं होतं, ते नवीन बसवलं. काका आता ज्या ज्या ग्रुपवर मेसेज टाकला होता तिथे त्याखाली एक ओळ लिहीत बसलेत: "मुद्दा ३ करू नका. मी केला."