तुला कितीची गरज आहे?

सकाळी सकाळी ज्युनियरचा मेसेज. "ताई, तू केलेली ती फेलोशिप परत निघालीये, भरू का फॉर्म?" सोबत पोस्टर, हात वर करून हसणारी पोरं आणि खाली 'बदल घडवणारे व्हा'. डोकंच सटकलं माझं.

एमएच्या दुसऱ्या वर्षाला मी त्या फाउंडेशनमध्ये दहा महिने फेलो होते. फेलो म्हणजे काय, तर काम एम्प्लॉयीचं पण पगाराला स्टायपेंड म्हणायचं, मग सुट्ट्या, इन्शुरन्स असले विषयच निघत नाहीत. जाऊदे, ते तुम्हा सगळ्यांना माहितीये.

माझ्या डोक्यात वेगळंच अडकलंय. ट्रेनिंग घेतलेल्या बायकांचा एंडलाइन सर्व्हे, म्हणजे प्रोजेक्ट संपतानाचा शेवटचा सर्व्हे होता, टॅबवर, चाळीस मिनिटांचा फॉर्म, आणि शेवटी 'प्रशिक्षणाबद्दल किती समाधानी आहात, 1 ते 5'. एका काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि अगदी मायेने विचारलं, "तुला कितीची गरज आहे गं?" टोमणा नव्हता तो. पोरगी उन्हातून आलीये, तिचं काम होऊ दे, एवढंच. मी हसले आणि 4 टाकलं.

मी टाकलं. त्यांनी नाही.

रिपोर्टमध्ये 4 आणि 5 एकत्र करून 'समाधानी' असा एकच टक्का निघाला, सर्रास असंच करतात, म्हणजे काकू समाधानी! रेन्सिस लिकर्ट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1932 साली ही 1 ते 5 वाली पद्धत मांडली तेव्हा तो माणसाला बरीच विधानं देऊन उत्तरांची बेरीज करायचा, आम्ही एकच प्रश्न विचारला, तोही ज्यांनी ट्रेनिंग दिलं त्यांच्याच माणसाने, आणि त्याचा पाय चार्ट. समोरच्याला बरं वाटावं म्हणून लोक गोड उत्तर देतात, हे मेथडॉलॉजीच्या पेपरात लिहून मी मार्क घेतलेत.

आणि ती लॉगफ्रेम, म्हणजे प्रोजेक्टने काय केलं आणि त्यातून काय बदललं हे मांडायचा तक्ता! 1969 साली यूएसएडसाठी, म्हणजे अमेरिकन सरकारच्या परदेशी मदत देणाऱ्या संस्थेसाठी बनलेली चौकट, अजून ग्रँटवाल्यांच्या मानगुटीवर बसलीये. किती बायका आल्या ते आउटपुट, त्यांचं काही बदललं का ते आउटकम. आम्ही पहिलं मोजायचो आणि दुसऱ्याच्या रकान्यात भरायचो.

बरं, मान्य, माझ्या मेंटॉर चांगल्या होत्या. रात्री साडेअकराला माझं थीसिसचं चॅप्टर वाचून द्यायच्या. त्यांचा पगारही त्याच ग्रँटमधून, ग्रँट संपली की त्याही घरी, कारण फंडरला ट्रेनिंगला पैसे द्यायला आवडतं, माणसांचे पगार म्हटले की लगेच 'ओव्हरहेड', म्हणजे वरखर्च. त्यांच्यावर चिडायला बसले होते खरं तर, पण आता लिहिताना राग येत नाहीये. त्याही वरती फंडरला तेच विचारत असणार ना, कितीची गरज आहे.

निघताना काकू म्हणाल्या, "परत कधी येशील?" मी म्हटलं, पुढच्या महिन्यात. फेलोशिप त्याच आठवड्यात संपत होती. मला माहीत होतं. माझ्या थीसिसमध्ये त्या 'रिस्पॉन्डंट नंबर 27' आहेत, आणि पुढची ॲडमिशन मला त्याच फाउंडेशनच्या लेटरवर मिळाली, त्यामुळे पोरीला 'नको भरू' म्हणायला तोंड नाहीये मला.

रिप्लाय केलाच नाही दिवसभर. आत्ता तिचा परत मेसेज, "ताई, फॉर्ममध्ये विचारलंय आतापर्यंत किती जणांच्या आयुष्यात बदल घडवलात. किती टाकू?"